तपासनीस निःपक्षपाती हवा

कारखान्यामागच्या गटारापाशी एक तरुण उकिडवा बसला होता. हातात काचेचा पेला, पेल्यात आमच्याच कारखान्याचं पाणी... आणि ते उजेडाकडे धरून तो असा बघत होता, की आता पिणारच.

"पिऊ नका," मी म्हणाले. "जीभ निळी होईल."

तो वर बघून हसला. "तपासनीस आहे मी. पुढच्या दाराची बेल वाजत नाही तुमची."

"तपासणी तर पुढच्या महिन्यात आहे!"

"आज नुसती तयारी बघायला आलोय."

आम्ही बापलेक कापड रंगवतो. पर्यावरण सांभाळण्याचं प्रमाणपत्र आमच्याकडे होतंच, पण ते ज्या मानकावर मिळतं, त्याची नवी आवृत्ती निघाली आणि आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने सांगून टाकलं, नवं प्रमाणपत्र नसेल तर पुढची ऑर्डर नाही. ऑर्डर नाही म्हणजे कारखान्याला कुलूप. बाबांची झोप उडाली होती.

त्याने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं सुचवायची नाहीत, असा त्याच्या कामाचा नियम.

"पाऊस कमी झाला, पाणी आटलं, तर काय कराल?"

"बोंबलत बसू."

"हेच लिहून घेऊ?"

"नको. उद्या नीट सांगते."

"म्हणजे उद्या परत यावं लागणार," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण उकळत्या रंगाच्या वाफेत कोणाला दिसतंय!

तो येत राहिला. जे फोनवर भागलं असतं, त्यासाठीही येत राहिला. कापड खळबळून उरलेलं पाणी पुन्हा वापरायला आम्ही टाकी बसवली. मी टाकीबद्दल बोलायचे आणि तो माझ्या हातांकडे बघायचा.

"नखं कायम निळीच?"

"मंगळवारी हिरवी असतात."

"मग मंगळवारी येतो."

मंगळवारी आला, तो मात्र पडलेला चेहरा घेऊन. "खरी तपासणी मी करणार नाही. दुसऱ्या बाई येतील. कडक आहेत."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "ऐन वेळी तोंडघशी पाडलंत? का?"

"तपासनीस निःपक्षपाती लागतो. मी... राहिलो नाही. ऑफिसात सांगून आलोय. इथे आलो की मला टाकी दिसतच नाही, टाकीपाशी तुम्ही दिसता."

"आणि बाईंनी नापास केलं तर?"

"करतीलही. मी केलं नसतं — तीच तर अडचण आहे."

मला राग यायला हवा होता. पण आनंदच झाला, वेड्यासारखा झाला, आणि त्याच्या जोडीला धाकधूकही.

बाई खरंच कडक निघाल्या. रंगाच्या पिंपांमागेसुद्धा वाकून पाहिलं. दोन उणिवा काढल्या. त्या निस्तरताना आमच्या नाकी नऊ आले. पण अखेर प्रमाणपत्र मिळालं. गिऱ्हाइकाच्या आधी मी त्याला फोन लावला.

"पास झालो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. आता... यायला हरकत नाही ना?"

"या. मलाही तुम्ही फार आवडता. बाईंचं होईपर्यंत तोंड दाबून बसले होते."

मागे बाबा उभे आहेत, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांनी फोन हातातून काढून घेतला. इतके दिवस त्याला अहोजाहो करणारे बाबा म्हणाले, "एकटा येऊ नकोस रे. आईवडिलांना घेऊन ये."