नुसता आवाज

जानेफळच्या बसस्टँडमागे शकूरचं गॅरेज आहे. चैत्र सरत आला होता, दुपार कलली तरी पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि अशा वेळी संजीवनी डोक्यावर पदर घेऊन तिथे येऊन उभी राहिली. शकूरला वाटलं, स्कूटीचं काही काम असेल. त्याने स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली,

"शकूरभाऊ, घरी येऊन आमची जुनी यामाहा पाहता काय? चालू करायची हाय."

शकूरने हात फडक्याला पुसले. गाडी कुणाची हे त्याला ठाऊक होतं, आणि गाडीवाला आता कसा आहे हेही.

संजीवनीचा नवरा देवानंद गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. कुठे गाय अडली, कुठे बैलाने चारा टाकला, की हा निघाला. लग्नाच्या आधीपासून त्याच्याकडे ती यामाहा होती. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की संजीवनी तवा चुलीवर ठेवायची. पुढे गाडी थकली, गोठ्यामागच्या पत्र्याखाली गेली, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड दिसेनाशी झाली. दिवाळीनंतर एकदा देवानंद एसटीने पिंपळगाव राजाला गेला, एका ओळखीच्याची गाय पाहायला, आणि तिथल्या गोठ्यातच कोसळला. मेंदूतली शीर फुटली होती. अकोल्याला बरेच दिवस ठेवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून होता. डोळे मिटलेले, नाकात नळी. संजीवनी नळीतून पेज घालायची, कूस बदलायची, पाठीवरच्या जखमा पुसायची आणि त्याच्या कानाशी दिवसभर बोलायची. उत्तर कधीच आलं नव्हतं.

धाकटा दीर राजकुमार खामगावहून यायचा, खाटेशी उभा राहायचा, निघून जायचा. मागच्या खेपेला अंगणात चपला घालता घालता तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, दादाले आता मोकळं करू. नळी काढून टाकू. हे पाहवत नाही."

त्यानंतरच्याच एका दुपारी रस्त्यावरून कुणाचीतरी तसलीच जुनी गाडी गेली, आणि देवानंदचं उजवं मनगट चादरीवर सावकाश मागे वळलं. ॲक्सिलरेटर पिळावा तसं.

शकूर घरी आला. पऱ्हाट्या बाजूला ओढून दोघांनी गाडी उजेडात आणली. त्याने किक दाबून पाहिली, ती दगडासारखी घट्ट होती. टाकीचं झाकण उघडून आत डोकावला, इंजिनावरून फडकं फिरवलं.

"वहिनी, खरं सांगू काय, हिच्यावर मेहनत करन्यात काही अर्थ नाही. क्रँक गेलेली हाय, सिलेंडर गंजलं, टाकी सडली. इंजिन जपानहून आलेलं हाय म्हनून लोकं जीव टाकतात, पन अस्सल सामान आता भेटत नाही. उद्या चालू झाली तरी रस्त्यावर टिकनार नाही. भंगारात द्या."

"मले गाडी नाही पाह्यजे," संजीवनी म्हणाली. "नुसता आवाज पाह्यजे."

मग तिने त्याला मनगटाचं सांगितलं. शकूर म्हणाला, आवाजच हवा तर गॅरेजवर अशी एक गाडी येते, ती आणून लावतो खिडकीशी.

"तेही करून पाह्यलं. रस्त्यावरून गेली ती गाडी ज्याची, त्या पोराले बोलावून इथंच रेस करायले लावली. यांनी मनगट हालवलं, मंग तोंड फिरवून घेतलं. वळखीची हाक यावी अन् दारात दुसराच मानूस निघावा, तसं." ती जरा थांबली. "राजकुमारभाऊजी पुन्हा येतीनच. ते परत नळीचं काढतीन. मी किती खेपा नाही म्हनू? तुमी चालू त करा."

शकूरने गाडी टेम्पोत टाकून नेली. सिलेंडर अकोल्याला घासून आणलं, क्रँक कुठल्याशा मोडक्या गाडीतून काढून बसवली. घरी तो बायकोला, बानोला, म्हणाला, मुर्द्याचे हाडं जोडून राह्यलो मी. बानोने त्याला गप्प केलं. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढे संजीवनीचा चेहरा होता, म्हणून हात थांबत नव्हता.

वैशाखाच्या ऐन उन्हात गाडी परत आली. खाटेच्या खिडकीखाली, अंगणात शकूरने ती साइड स्टँडवर लावली. दुपार होती, गल्लीतली दारं लागलेली, कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडलेली. बऱ्याच किका मारल्यावर निळा धूर निघाला आणि तो पातळ, टणत्कार करणारा आवाज अंगणात उभा राहिला. जळक्या ऑइलचा वास खिडकीतून आत गेला.

संजीवनी खाटेशी होती. देवानंदचं मनगट वळलं. पाय वर आला, गिअर टाकल्यासारखा खाली दाबला गेला. छाती भरून श्वास आला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या कपाळावर घाम फुटला. ओठ हलले.

"लय ऊन हाय..."

तिने तोंडावर पदर दाबून धरला. मग कानाशी वाकून विचारलं, "अहो, कोठं हाय तुमी?"

"पिंपळगावले. इथंच बसून होतो... गाडीच नव्हती."

बाहेर इंजिन फडफडून बंद पडलं. देवानंद जसा होता तसा झाला. ओठ कोरडे, हात सैल. संजीवनीने किती हाका मारल्या, तो हलला नाही. पण त्या दिवशी ती महिनोन्महिन्यांनी पोटभर जेवली.

तेव्हापासून रोज दुपारी गाडी चालू व्हायची. शकूरला जमेल तेव्हा तो यायचा, नाहीतर संजीवनी निऱ्या खोचून स्वतः किक मारायची. उलटी किक बसून तिची नडगी काळीनिळी झाली. इंजिन फार वेळ चालवता येत नव्हतं, तापलं की कुंथायचं. पण जेवढा वेळ चालायचं तेवढा वेळ देवानंद रस्त्यावर असायचा, आणि जिथे थांबला तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढे निघायचा. खामगाव आलं. खामगाव मागे पडलं. तो तुटक बोलायचा: इथे निंबाची सावली आहे, इथे रस्ता उकरून ठेवला आहे. तिने मुलीला, मंजुश्रीला, फोन केला, "तुह्ये बाबा घरी येऊन राह्यले." मंजुश्री पलीकडून रडायला लागली. आईचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असावं.

देऊळगाव साकर्शाच्या अलीकडे देवानंद एकदम गप्प झाला. मनगट वळत होतं, पण मान आखडली होती.

"काय झालं?"

"एक जन हात दाखवत उभा होता..." त्याचा आवाज खाली गेला. "बसवला मागं."

"कोन हाय?"

"माहीत नाही. बोलत नाही. लय जड हाय... गाडी ओढत नाही."

"उतरवून द्या न मंग त्याले."

देवानंदचं मनगट आणखी मागे पिळलं गेलं.

"मी म्हनलं त्याले. तो म्हन्ते, घर आलं का उतरतो."

तिने धावत जाऊन चावी फिरवली. पुढचे दोन दिवस तिने गाडीला हात लावला नाही. खाटेशी बसून राहिली. त्या दोन दिवसांत देवानंदचा श्वास असा बारीक झाला की नाकाशी बोट धरलं तरी कळेना. पायाची बोटं गार पडली. तो तिकडे रस्त्याच्या कडेला भर उन्हात गाडीवर बसून आहे, आणि मागे ते आहे, हेच तिला दिसत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने शकूरला बोलावणं धाडलं.

शकूर आला तेव्हा वारा पडला होता. आभाळ पांढरं, लिंबाचं पान हलत नव्हतं. संजीवनीने त्याला सगळं सांगितलं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि त्याने किक मारली. पहिल्या किकेला गाडी चालू झाली. तशी ती कधीच झाली नव्हती.

खाटेवर देवानंद कण्हला. "जानेफळ दिसून राह्यलं..."

संजीवनी खिडकीच्या गजाशी होती, एक हात नवऱ्याच्या छातीवर. शकूर गाडीशी उकिडवा बसून कार्बोरेटरला हात लावत होता. त्याचा हात थांबला. तो हळूहळू मागे सरकला.

"वहिनी... मागचे शॉकअप पाहा."

गाडीवर कुणीच नव्हतं. पण मागच्या स्प्रिंगा दबत चालल्या होत्या. एका दमात नाही. कुणी आधी टेकावं, मग सगळा भार सोडून द्यावा, तशा. सीटचा पुढचा भाग फुगीर होता. मागच्या भागाचं रेक्झिन खाली गेलं होतं आणि त्याला मधोमध घडी पडली होती. टायर चपटा झाला. साइड स्टँड मातीत रुतू लागला.

"हे एका मानसाचं वजन नाही," शकूर म्हणाला. "बंद करतो मी."

"थांबा..." ती खिडकीतून म्हणाली. "अहो, त्याले तिथंच उतरवा. येशीजवळ उतरवा. हात जोडले मी तुमाले."

"थांबलो त गाडी बंद पडन," देवानंद म्हणाला. मिटल्या पापण्यांतून पाणी गळत होतं. "बंद पडली त मंग मी येत नाही, संजू. आता लय थकलो."

शकूरने चावीकडे हात नेला. संजीवनी कशी बाहेर आली तिला कळलं नाही. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. इतक्या वर्षांत तिने कधी त्याच्यासमोर पदर ढळू दिला नव्हता.

"वहिनी, काय येऊन राह्यलं त्याच्यासंग, तुमाले समजते काय?"

"समजते."

"मंग?"

"त्यांले येऊ द्या. बाकी मी पाहीन."

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि त्या नजरेपुढे शकूरला चावी फिरवता आली नाही. इंजिन तापून तडतडू लागलं, तेलाचा धूर जमिनीसरशी पसरला, आवाज चिरका झाला. आतून देवानंद एकेक खूण सांगत होता. पार आला. गिरणी आली. आपली गल्ली आली. गल्लीतल्या बंद दारांआड कुणाचंतरी तान्हं पोर रडायला लागलं, मग दुसऱ्या घरातलं.

"आलो," देवानंद म्हणाला.

इंजिन आपोआप बंद झालं. त्या शांततेत मागच्या स्प्रिंगा करकरत वर आल्या आणि रेक्झिनची घडी मोडली. शकूर भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या आणि दाराच्या मधून काहीतरी गेलं. त्याला दिसलं काही नाही. ओल्या लोकरीसारखा वास आला आणि उन्हातही त्याच्या पोटऱ्या गारठल्या. संजीवनी तोवर आत धावली होती.

देवानंदचे डोळे उघडे होते. तो तिच्याकडे बघत होता. "पानी दे," तो म्हणाला.

पुढचं सगळं गावाने पाहिलं. नळी निघाली. तो बसू लागला, भिंतीला धरून चालू लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लाखात एखादा. राजकुमार पेढे घेऊन आला आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मंजुश्री येऊन राहून गेली. पोळ्याला लोकांनी सजवलेले बैल आवर्जून देवानंदच्या दारावरून नेले. बैल मात्र त्या अंगणापाशी आले की पुढचे पाय रोवून उभे राहायचे, दोघा-तिघांनी ओढलं तरी आत येत नव्हते. लोक म्हणाले, औषधाचा वास येत असेल.

शकूर खुशाली विचारायला एकदाच आला, तोही अंगणाबाहेरूनच. संजीवनीने त्याला गाडी घेऊन जा म्हटलं तर तो नको म्हणाला. जाताना तो थांबला.

"वहिनी, ही गाडी पुन्हा उभी करन्यात अर्थ होता काय? मले अजून समजत नाही."

"ते घरी आले न," ती म्हणाली.

तिला स्वतःला एकच गोष्ट डाचत होती. देवानंद कुठेही बसला तरी पुढे सरकून बसायचा. खाटेवर, बाजेवर, पारावर, अगदी कडेला, गुडघे पुढे काढून. सरका मागे, टेका पाठ, असं तिने कितीदा सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि तसाच बसून राहायचा.

पोळ्याच्या संध्याकाळी तो खाटेवर असाच बसला होता. ती वाटीत कोमट तेल घेऊन आली. पाठीला लावावं म्हणून त्याच्या मागे खाटेवर गुडघा टेकवणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला,

"तिथं नको बसू."

तिच्या हातातली वाटी कलली. बाहेर पोरं ओरडत होती, कुठेतरी ढोल वाजत होता.

"तो म्हनला होता न," तिने कुजबुजत विचारलं, "घर आलं का उतरतो..."

"हाव." देवानंद समोरच्या भिंतीकडे बघत होता. "आपल्या घराचं नव्हता बोलला तो. त्याचं घर अजून यायचं हाय."

टेकवायला उचललेला गुडघा तिने मागे घेतला. थोड्या वेळाने त्याला तहान लागली असावी. तो खाटेचा कठडा धरून उठला आणि माठाकडे चालू लागला. गादीवरचा त्याचा खळगा लगेच भरून आला. त्याच्यामागचा खळगा जरा उशिराने वर आला.