पहाऱ्याची बदली

लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून ती घरी आली की खांदे नुसते ठणकत. पण टेकायला सवड कुठली! नवऱ्याचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. एके काळी तो बस चालवायचा. झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि खिडकीजवळचा पलंग हेच त्याचं जग झालं.

एक शौक मात्र शाबूत होता. लहानपणी चहाच्या पुड्यात सैनिकांची रंगीत कार्डं मिळायची. घोडेस्वार, तोफची, बिगुलवाला. त्या कार्डांपायी आईने अख्ख्या आळीला चहा पाजला, असं तो हसत सांगे. उजव्या हाताने ती कार्डं तो छातीवर मांडत राही.

तिला आधी खटकला तो त्यातल्या एका कार्डावरचा पहारेकरी. दगडी चौकीसमोर ताठ उभा जवान. त्याच्या विजारीची इस्त्री मोडली होती. असली गोष्ट तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. जन्म त्यातच गेला होता. रंग उडाला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

पुढे त्याची कॉलर घामाने काळवंडली. मग गुडघे वाकले. बंदुकीवर भार टाकून तो कसाबसा उभा होता. बाकीची कार्डं जशीच्या तशी.

दिवसा नवऱ्याजवळ शेजारच्या काकू बसत. तिने त्यांना कार्ड दाखवलं.

"अगं, हा उभ्या उभ्या झोपेल की!" काकू हसल्या. मग हसू ओसरलं. "घरात ठेवू नकोस हे."

"टाकून देते हं हे," तिने नवऱ्याला सांगितलं.

"नको गं. दमलाय बिचारा. कधीचा उभा आहे, बदलीला कुणी येतच नाही."

"अहो, चित्र आहे ते!"

"आणि मी पडून पडून विटलोय." तिच्या हातावरच्या चटक्यावरून त्याने बोट फिरवलं. "मी गेलो तर तुझाही भार उतरेल."

"काहीतरीच बोलू नका."

पण क्षणभर, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच परतली. काकू दारात उभ्या होत्या.

"गाढ झोपलाय. घोरतोय बघ. असा कधी झोपला नव्हता."

खोलीत लख्ख ऊन होतं. तो भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता.

"काकू, कूस तुम्ही बदललीत?"

"मी? नाही गं."

उशीजवळ कार्ड होतं. चौकीसमोर जवान ताठ उभा. कपडे कडक. तिने कार्ड उजेडात धरून चेहरा पाहिला.

चेहरा नवऱ्याचा होता.

"अहो," ती पलंगाकडे वळून हळूच म्हणाली.

पांघरुणाखालून अनोळखी, झोपेने जडावलेला आवाज आला.

"बाई, जरा पडू द्या."

तिला ओरडायचं होतं. तेवढंही बळ उरलं नव्हतं. ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली.

पलंगाखाली बुटांचा जोड होता. चिखलाने माखलेला. तिने एका बुटात हात घातला.

आतून तो अजून गरम होता.