शंभर मिनिटांचा प्लॅन

चार काउंटर, भिंतीवर अकरा मोबाइल प्लॅनचे तक्ते, छताला दोन पंखे — त्यातला एक बंद — आणि शाहिनाझच्या हातात सत्तावन्न नंबरचं टोकन. बाहेर अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरचं वादळ होतं. पाऊस काचेवर आडवा आपटत होता.

"सत्तावन्न," तिसऱ्या काउंटरवरच्या तरुणानं पुकारलं. खिशावर नाव होतं — हातेम.

तिनं वही पुढे सरकवली. गेल्या तीन महिन्यांत ती किती मिनिटं बोलली आणि किती मिस्ड कॉल दिले, याची रोजची नोंद होती. हातेम दोन पानं सावकाश वाचत राहिला.

"डॉक्टर, हे सगळं तुम्ही मोजलंत?"

"मी डॉक्टर नाही. समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजते. शनिवारी मत्रूहला नोकरीवर रुजू होतेय."

"महिन्याला एक्केचाळीस मिनिटं बोलणं, दोनशे बारा मिस्ड कॉल... अगदी आपल्या मिस्ड कॉलवाल्यांतल्याच की तुम्ही."

"एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे खाली ये. तेवढ्यात भागतं, तर बोलायचं कशाला?"

"ऐकणाऱ्याला आवाज आवडत असेल तर?"

तिनं वर पाहिलं. तो वहीतच बघत होता. कान मात्र लाल झाले होते.

मागून मालक खाकरले. "हातेम, बाईंना अमर्याद बोलण्याचा दाखव. वर्षाच्या कराराचा."

"त्यांना तो लागणार नाही, उस्ताद. सगळ्यात लहान, रिचार्जचा पुरे. शंभर मिनिटं. त्यातलीही एकोणसाठ उरतील."

मालकाच्या तोंडावर खरं बोलणारा, तेही इतक्या शांतपणे... शाहिनाझ बघतच राहिली. मग तिनं रेंजबद्दल दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं तिला माहीत होती.

सिम घालून त्यानं स्वतःच्या फोनवरून एक रिंग दिली. "हा माझा नंबर. अडचण आली तर तीन रिंग द्या."

"आणि अडचण नसली तर?"

"त्याचं... अजून ठरलेलं नाही."

शनिवारी बस शहराबाहेर पडली आणि फोन वाजला. हातेम. ती हसली, तळहातावर फोन ठेवून तो कापायची वाट पाहू लागली. एक... दोन... तीन. अडचण? चौथी. इतका वेळ कुणी वाजू देत नाही; समोरच्यानं उचललं तर मिनिटं जातात. पाचवी. सहाव्या रिंगला तिनं उचलला.

"तुम्ही कापला नाहीत."

"नाही. मला आवाज ऐकायचा होता." तो अडखळला. "आणि... मी तुम्हाला चुकीचा प्लॅन दिला."

"वजाबाकी तर बरोबर होती."

"वजाबाकी बरोबर. पण वही मागच्या तीन महिन्यांची होती, शाहिनाझ. तेव्हा आपली ओळख नव्हती. हे मी धरलंच नाही."

पद्धतीतली चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस तिनं प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. खिडकीबाहेर समुद्र निवळत चालला होता.

"मग नव्यानं मोजावं लागेल," ती हळूच म्हणाली. "महिनाभर. पण रोज."

"रोज," तो म्हणाला.

महिना संपला, तेव्हा मत्रूहच्या खोलीत तिनं वहीच्या नव्या पानावर लिहिलं — हातेमला मिस्ड कॉल: शून्य. हातेमशी बोलणं: एक हजार एकशे एकोणचाळीस मिनिटं.