वाटीभर पाणी

ही गोष्ट खरी आहे, असं ठामपणे म्हणायला मी कचरतो. उभ्या जन्मात मी काहीच ठामपणे म्हटलेलं नाही. पण ती माझ्या पुतणीच्या बाबतीत घडली, आणि तिचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत.

भुतं रात्री येतात म्हणतात.

हे सगळं भरदिवसा घडलं. पत्र्याच्या शेडमध्ये, शटर अर्धं वर असताना.

पुतणीला घरात सगळे बारकी म्हणतात. ती शिल्पकार आहे. कधी माती, कधी मेण, कधी जुने कपडे, कधी नुसता आवाज. वाळत्या मातीला ती चपटे माइक चिकटवते आणि माती तडकताना जी कुरकुर करते, ती प्रदर्शनात स्पीकरवर ऐकवते.

"आपलं म्हणणं मातीवर लादायचं नाही, काका. माती काय म्हणते ते ऐकायचं."

"माती म्हणते, वेळेवर जेवायला ये," असं तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, म्हणायचा.

दादाच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजून, वाटीने. तरी तो रोज शेडमध्ये लोखंडी खुर्चीवर येऊन बसायचा आणि बारकी मातीत त्याचं डोकं घडवायची. तहान लागली की तो अंगठी खुर्चीच्या हातावर वाजवायचा.

टक टक... टक.

"बाबा, आत्ताच दिलं ना?"

"मातीला बादलीभर देतेस. बापाला वाटीभर."

म्हणायचा हसून. पण नजर पाण्याच्या पिंपाकडे असायची.

डोकं पुरं झालं. फडक्यात गुंडाळून फळीवर सावकाश वाळायला ठेवलं.

ते वाळलं, पण भट्टीत जायच्या आत दादा गेला.

आता, बारकीचा एक नेम आहे. माती टाकायची नाही. फसलेलं काम, तुटके तुकडे, सगळं गाठोड्यात बांधून त्याच फळीवर ठेवायचं आणि सवडीने पिंपात भिजवायचं. न भाजलेली कोरडी माती पाण्यात गेली की बघता बघता चिखल होते. तोच मळून पुन्हा नवं काम.

दादा गेल्यानंतर हाताला काही चाळा हवा म्हणून तिने एक गाठोडं न उघडताच पिंपात सोडलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा चेहरा बघावासा वाटला. तिने फळीवरचं गाठोडं उघडलं.

आत... तुटके तुकडे होते.

ती पिंपाकडे धावली. हात कोपरापर्यंत आत घातला.

नाक नाही. कान नाही. नुसता चिखल.

"रडलीस का गं?" मी नंतर विचारलं.

"नाही. मळत बसले."

त्या मातीच्या तिने लाद्या केल्या आणि उभ्या करून वाळत ठेवल्या. वाळत्या मातीचं वजन रोज उतरतं.

एका लादीचं वजन... चढत होतं.

आणि पिंपातलं पाणी, कुणी हात न लावता, खाली जात होतं.

माती वाळली का, हे ती गाल लावून बघते. गार लागली तर आत ओल आहे. तिने त्या लादीला गाल लावला.

गार लागली.

आणि... खुंट टोचले. दाढी न केलेल्या गालाला गाल लागावा तसे.

भट्टीवाला आला तेव्हा त्याने लादी बोटाने दाबून पाहिली.

"ताई, ही ओली आत घातली तर फुटेल. बाकीच्यांनाही घेऊन जाईल. अजून वाळवा."

"वाळवतेच आहे."

"वाळवताय, आणि पंखा मात्र तुम्हीच बंद केलाय."

तो गेल्यावर तिने लादीला माइक चिकटवला.

कुरकुर नव्हती.

टक टक... टक.

तिने वाटीभर पाणी वरून ओतलं. आवाज थांबला. खाली थेंबही ओघळला नाही.

तेव्हापासून रोज एक वाटी. त्याहून जास्त नाही. जास्त झालं की पुन्हा चिखल.

"एकदा विरघळवलंय मी त्यांना, काका. आता नाही."

परवा तिला कामासाठी परगावी जावं लागलं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "स्पीकर चालू ठेवा. एकच वाटी. मागितलं तरी एकच."

पहिल्या दिवशी मी वाटी ओतली, आणि सगळं शांत झालं.

दुसऱ्या दिवशी वाटी ओतली...

टक टक... टक.

मी खुर्चीवर बसून राहिलो. पुस्तक उघडलं. एकही ओळ डोक्यात शिरेना.

टक टक... टक. टक टक... टक.

दादाने काही मागावं आणि मी नाही म्हणावं, असं लहानपणापासून कधी झालं नाही. तेवढी माझी छातीच नव्हती.

मी आणखी एक वाटी दिली. मग तांब्या. मग... बादली.

टकटक थांबली.

खाली एक थेंब नाही. फरशी कोरडी ठणठणीत. लादी आहे तशी उभी आहे.

आज तिसरा दिवस. स्पीकर चालू आहे. त्यातून काहीच येत नाही. लादीला गाल लावून बघायचं धाडस मला झालेलं नाही.

मघाशी बारकीचा फोन आला.

"काका, बाबा मागतायत ना अजून?"

"नाही," मी म्हटलं. "आता मागत नाही."



ती हळूच म्हणाली, "किती दिलंत?"