बिनसावलीचा तवा

नम्रताला एकच आकडा हवा होता. दुपारी अडीच वाजता डोंगरमाथ्यावरची हवा किती तापते, एवढाच. पण खरा! स्वतः उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला!

कारण मागच्या वर्षीचा खोटा होता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिने तापमानाचा झक्क रंगीत तक्ता लावला होता. त्यातलं एकही तापमान कुणी मोजलं नव्हतं. वर्गातल्या चौघांनी पंख्याखाली बसून, वडापाव खात, आकडे ठोकून दिले होते. बाराला सगळ्यात जास्त, अडीचला चांगलंच कमी. परीक्षक बाईंनी तक्ता वाचला, चष्मा वर केला आणि भर हॉलमध्ये विचारलं, "मुली, मे महिन्यात दुपारी अडीचला कधी अंगणात उभी राहिली आहेस का गं?"

सगळा हॉल हसला. नम्रताच्या तोंडाला तेव्हा जी चव आली, ती कुजका शेंगदाणा चावल्यावर येते तशी होती. वर्षभर ती चव गेली नाही. स्वतःचीच किळस म्हणजे काय, ते तिला चौदाव्या वर्षी कळलं.

आता ती पंधराची होती आणि दबून राहायचा तिला मनापासून कंटाळा आला होता. तिने मेमधला असा दिवस निवडला, जेव्हा शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पुसली जाते. शून्य सावलीचा दिवस! किरण सरळ खाली, म्हणून तेवढ्याच जमिनीवर सगळ्यात जास्त ऊन. आणि जागा निवडली ती तव्याचा डोंगर. किन्हवलीच्या पुढे, दोन्ही तालुक्यांच्या शिवेवर, माथ्यावर काळ्या कातळाचं सपाट पठार. झाड औषधाला नाही. म्हणून तर नाव तवा!

सोबत दोघं. एक चुलतभाऊ ऋतिक, वय एकोणीस, वाशिंदच्या कारखान्यात कामाला, आठवड्याच्या सुट्टीचा बळी देऊन आलेला. दुसरी डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली मंगळीमावशी. ती हिरडे-करवंदं विकायला नम्रताच्या गावात यायची आणि तिच्या आईची जुनी मैत्रीण होती. आदल्या संध्याकाळी तिच्याच घरी मुक्काम झाला आणि फटफटताच तिघं चढायला लागली.

"पाच-पाच लिटरचे दोन कॅन!" ऋतिक धापा टाकत म्हणाला. "मी काय टँकर आहे का गो? टाइम काय, मी चढतोय काय!"

"टोपी आणलीस?"

"टोपी कशाला? केस आहेत ना."

"केसाखाली काय हाय त्ये बघाया लागंल," मंगळीमावशी पुढून म्हणाली, आणि नम्रता इतकी हसली की तिचा पाय घसरला.

साडेसातला ती माथ्यावर पोचली. पोचली आणि थबकली.

शी!

तव्याच्या मधोमध दोन पुरुष उंचीचा एक धोंडा होता, म्हैसधोंडा. आख्ख्या मोकळ्या पठारावर सावली देणारी तेवढीच गोष्ट. आणि त्याच्या बुडाशी सहलीला येणाऱ्यांनी उकिरडा मांडला होता! फुटक्या बाटल्या, चिवड्याची पाकिटं, बिर्याणीचे डबे, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, लहान मुलांच्या लंगोटांचे फुगलेले गोळे. कुणीतरी धोंड्याला टेकूनच ओकलं होतं. ते वाळून त्याचा पापुद्रा झाला होता आणि त्यावर हिरव्या माशांची जत्रा भरली होती.

"माणसं हायत का कोण!" मंगळीमावशीने पदर नाकाला लावला. "आमची गुरं बी हागायला बाजूला जातात."

कॅन सावलीत ठेवायचे होते. ऋतिक धोंड्याला लागून ठेवायला वाकला आणि नम्रता किंचाळली, "नाय! तिथं नाय! त्या घाणीत प्यायचं पाणी?"

"मग कुठं?"

सावली पश्चिमेला लांबलचक पसरली होती, एखादी सतरंजी अंथरावी तशी. धोंड्यापासून पाच-सहा पावलांवर कातळ कसा चकाचक होता. थंडगार. नम्रताने बोट दाखवलं. माकडांना दिसू नये म्हणून ऋतिकने दोन्ही कॅन काळ्या पिशवीत घालून तिथे ठेवले. मंगळीमावशी तोवर पठाराच्या कडेला पोचली होती. "करवंदं काढून येते. काठीची सावली मेली की हजर!" एवढं ओरडून ती उतरली. ती असती तर तिने तिथेच दोघांचे कान उपटले असते.

नम्रता कामाला लागली. धोंड्यापासून थोड्या अंतरावर एक तापमापक कातळाच्या खाचेत. दुसरा वाळक्या गवतात. तिसरा हवेचा, चुन्याने रंगवलेल्या, भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, छातीइतक्या उंच काठीला टांगलेला. शेजारी सावलीसाठी एक सरळ बांबू. मोबाईलमध्ये दर अर्ध्या तासाचा गजर.

साडेसात. कातळ एकतीस, खोका सत्तावीस.

नऊ. कातळ चाळीस! हवा जेमतेम तीस!

दहाला कातळ सेहेचाळीसवर गेला आणि नम्रता नाचायला लागली. "बघ रे! ऊन हवेतून आरपार जातं, हवेला फारसं शिवतही नाही! ते तापवतं जमिनीला, मग जमीन तापवते हवेला! म्हणून हवा मागे राहते!"

"मला कोण तापवतंय ते कळलं," ऋतिक म्हणाला. त्याची मान बीटासारखी लाल झाली होती. दोघांच्या छोट्या बाटल्या अकरालाच संपल्या. मोठे कॅन जेवणासाठी राखून ठेवायचे ठरले होते, म्हणून कुणी तिकडे फिरकलं नाही. उकिरड्याच्या वाऱ्याला जायचंच नव्हतं कुणाला! त्यात ऋतिकच्या पिशवीतली उकडलेली अंडी उन्हाने नासली आणि पिशवी उघडताच असा भपका आला की दोघांची जेवणावरची वासना उडाली.

कातळ आता चपलेतून चावत होता. दूरचा माहुलीचा डोंगर पाण्यात पडल्यासारखा लहरत होता. बांबूची सावली आखडत गेली. वीतभर. चार बोटं. बोटभर...

बारा तेहतीस. नाहीच!

बांबू उभा आणि त्याला सावली नाही! नम्रताने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिची सावली तिच्याच तळव्यांखाली दडली होती. "ऋतिकदादा, बघ! आपण भुतं झालो!"

ऋतिक हसला नाही. "डोकं फुटतंय गो," तो म्हणाला. "चल, धोंड्याच्या सावलीत बसू."

नम्रता वळली.

सावलीत? कुठल्या सावलीत?

म्हैसधोंडा चारी बाजूंनी उन्हात न्हात होता. ज्या सावलीचं नाहीसं होणं बघायला ती डोंगर चढून आली होती, तिच्याच भरवशावर तिने दुपार सोडली होती! आणि पाणी? ती धावली. काळी पिशवी उघड्या कातळावर होती. सावली तिला सोडून गेली त्याला तीन तास झाले होते. पिशवीला हात लावला तो चटका बसला. कॅन खालून मऊ पडला होता. झाकण उघडलं, आत पाणी कसलं, जळक्या प्लास्टिकचा काढा!

ऋतिकने तिच्या हातून कॅन हिसकावला, दोन घोट घटाघट घेतले आणि तिसऱ्याला सगळं भडाभडा बाहेर आलं. नम्रताच्या पायांवर! गरम, आंबट, चिकट.

"दादा!"

तो गुडघ्यांवर बसला. त्याचा घाम थांबला होता. कातडी कोरडी, विस्तवासारखी. "वाशिंद आलं ना?" तो पुटपुटला. "उतर ना. पास दाखव."

ती त्याला उठवायला धडपडत असतानाच एकचा गजर वाजला. बाजूलाच तर तापमापक होते. नम्रताने घाईघाईने लिहिलं. कातळ त्रेसष्ट, खोका सदतीस. आणि मग वही मिटून कमरेला खोचली.

"कुठं बसवलंस त्याला!" मंगळीमावशी पदराची ओटी सोडून धावत आली. करवंदं कातळावर उधळली. एका नजरेत तिने सगळं ताडलं. "उन लागलाय त्याला. टाक्यावर चल! उचल!"

पठाराच्या टोकाला कातळात कोरलेलं, नम्रताने कधी पाहिलंच नव्हतं असं पाण्याचं जुनं टाकं होतं. त्यावर दगडाची कपार, आत काळोख. दोघींनी ऋतिकला बगलेत धरून ओढलं. दोनशे पावलं! त्याच्या टाचा घासत होत्या, जीभ बाहेर आली होती. नम्रताचे खांदे निखळायला आले. एक पाऊल. अजून एक. अजून!

कपारीत शिरताच वासाने तिचा श्वास अडकला. खाली लेंड्या, मूत, सडलेली फुलं. आणि टाकं! हिरवी, जाड, साईसारखी शेवाळ. तिच्यात बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि उलटा तरंगणारा, पिसं गळालेला, फुगलेला कावळा.

"पिवाला नाय त्या पाणी," मंगळीमावशीने डोक्याला पदर घट्ट गुंडाळला. "अंगावर घाल त्याच्या. वलं ठेव, वारा घाल, थांबू नको. मी नाल्यातल्या झऱ्यावरून पाणी आणते. झाडीझाडीनं जाईन."

"मी पण उतरवू लागते ना त्याला! आता सूर्य कलला, आता ऊन कमीच होत जाईल..."

"खुळी का काय! चुलीत इस्तू निवाला लागला तरी तवा तापलेलाच राहतो. भाकर भाजते ती तव्यावर. दोनाला उतरलीस तर त्याला नाय, त्याचं मढं नेशील. बस इथंच!" जाता जाता धोंड्याजवळचे कॅन ओतून, उचलून ती दिसेनाशी झाली.

नम्रताने ओढणी काढली. टाक्याकडे बघितलं. हात पुढे केला. मागे घेतला. सकाळी तुला धोंड्याजवळची घाण नको होती ना? नखरे केलेस ना? घे!

तिने डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

बुळबुळीत काहीतरी बोटांना गुंडाळलं. कावळ्याची चोच मनगटाला घासली. तळातून गढूळ बुडबुडे आले आणि नासक्या अंड्यांचा भपकारा सुटला. आयुष्यात एवढी किळस तिला कशाचीच आली नव्हती! घशाशी आलेलं तिने गिळलं. ओढणी बुडवली, पिळली, ऋतिकच्या छातीवर टाकली. मानेवर. काखेत. वहीच्या पुठ्ठ्याने वारा. परत बुडव. परत पिळ. वारा. ओढणी दोन मिनिटांत कोमट व्हायची, जणू त्याच्या अंगातून विस्तव शोषून घेत होती.

दीडचा गजर वाजला.

खोका दोनशे पावलांवर होता. धावत जायचं, वाचायचं, धावत यायचं. पाच मिनिटं! फार तर सहा! तिने ऋतिककडे पाहिलं. तो डोळे अर्धवट उघडे ठेवून बरळत होता, "दरवाजा... दरवाजा सोड..."

तिने गजर बंद केला. बुडव. पिळ. वारा.

दोनचा वाजला. बंद. हात वासाने माखले होते, शेवाळ केसांपर्यंत गेली होती, माशा आता ऋतिकला सोडून तिच्यावर बसत होत्या. कपारीबाहेरची हवा भट्टीच्या तोंडासारखी आत येत होती. सूर्य कलला होता आणि तरीही गरम होत चाललं होतं. तवा आता भाकर भाजत होता!

अडीच.

हाच तो! ह्याच एका आकड्यासाठी वर्षभर झुरले! मोबाईल वाजत राहिला, वाजत राहिला. उन्हात तो पांढरा खोका इथूनही दिसत होता. आत पारा कुठेतरी उभा होता, खरा, ठाम, आणि तो वाचायला कुणी नव्हतं. नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसायला स्वच्छ बोटसुद्धा नव्हतं.

तिने अंगठ्याने गजर कायमचा मारला आणि हात पुन्हा टाक्यात घातला.

मंगळीमावशी आली तेव्हा तीन वाजून गेले होते. झऱ्याचं गार पाणी तिने ऋतिकच्या ओठांवर थेंब थेंब सोडलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला. घाम! नम्रताला घाम बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

थोड्या वेळाने त्याने डोळे नीट उघडले, नाक मुरडलं आणि क्षीण आवाजात म्हणाला, "शी! कसला वास मारतेस गो!"

नम्रता हसता हसता रडली.

साडेचारनंतर, कातळ पाय ठेवण्याजोगा झाल्यावर, ती तिघं उतरली. वाटेतल्या झाडीत शिरताच ओल्या फडक्यासारखा गारवा चेहऱ्यावर आला. वाडीतून ऋतिकला जीपने दवाखान्यात नेलं, सलाईन लागली, आणि दुसऱ्या दिवशी तो खाटेवर बसून पेज ओरपत होता. नम्रता शेजारी वही उघडून बसली. साडेसात ते एक, बारा ओळी, सगळ्या भरलेल्या. त्याखाली दीड ते चार, सहा ओळी, सगळ्या कोऱ्या.

ऋतिकने वाकून बघितलं. त्याला अपराधी वाटत होतं. "माझ्यामुळं राहिलं ना? टाकून दे अंदाजे. अडीचला एकोणचाळीस टाक. कोण बघायला आलं होतं? ह्या वेळी तर बरोबरच येईल."

कुजक्या शेंगदाण्याची चव! लगेच आली, जशीच्या तशी.

"दादा," नम्रता म्हणाली, "त्या टाक्यात मी उद्या परत हात घालीन. कावळ्यासकट. पण हे नाय."

तिने पेन उचललं. राख लावून, साबण लावून सात वेळा धुतलेल्या तिच्या बोटांना अजून मंद वास येत होता. त्याच बोटांनी तिने सहा कोऱ्या ओळींना कवेत घेणारा एक उभा कंस काढला आणि तक्त्याच्या अक्षरात, ठळक, लिहिलं:

'वाचन घेतलं नाही. पाणी कुठे ठेवायचं, ते माझं चुकलं.'