दुपट्यावरचे नेचे

टिपकागद संपले म्हणून चैतालीने तान्ह्या आयुषची जुनी दुपटी घेतली. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. कोकणातल्या तेलताडाच्या बागेतून आणलेले नेचे तिने त्यांच्या घड्यांत वाळायला पसरले, वर नवऱ्याची जाडजूड पुस्तकं ठेवली आणि खराडीच्या त्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये बाळाला पाजायला बसली.

तेलताडाची पानं छाटली की देठांचे खुंट खोडावर राहतात. त्या खाचांत पाचोळा कुजतो आणि नेचे उगवतात. काही केसासारखे नाजूक, काही हरणाच्या शिंगासारखे. एका बागेत इतके प्रकार तिने कधी पाहिले नव्हते.

"अहवालात तण लिहा," वनस्पती-संशोधन संस्थेतले तिचे साहेब अभय म्हणाले.

"सर, तण नाहीत ते. झाडाला काही त्रासही नाही त्यांचा."

"मॅडम, नेच्यांना अजून मतदानाचा हक्क नाही. बागवाल्यांना फवारायचंय. आणि आपण बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच आलात, नाही का?"

तिने त्यांच्या सहीखाली सही केली. आठवड्याभरात खोडांवरचं सगळं हिरवं जळून काळं पडलं.

वाळलेले नेचे संस्थेच्या संग्रहात गेले. दुपटी तिने उकळून धुतली, पण तपकिरी ठसे निघेनात. दोन ओळींत ठिपके, पानामागे बीजाणूंचे असतात तसे. जाऊ दे, चहाचे डाग तरी कुठे जातात! आयुष त्यांवरच झोपायचा, उताणा, हातपाय फेकून, सातबारा त्याच्या नावावर असल्यासारखा.

पुढच्या मीटिंगमध्ये तिला अभयच्या मानेवर ते ठिपके दिसले. दोन ओळी.

"घामोळं," ते कॉलर वर ओढत म्हणाले. एसीत बसूनही त्यांच्या अंगाला ओल्या पाचोळ्याचा वास येत होता.

मग त्यांची मान झुकायला लागली. लॅपटॉपचं दुखणं, सगळे म्हणाले. मग पाठ वाकली. मग ते यायचेच बंद झाले.

एका दुपारी त्यांच्या बायकोचा, प्रेमलाचा फोन आला.

"चैतालीताई, ह्यांचे गुडघे हनुवटीला लागलेत हो. डॉक्टरांनी धरून सरळ केलं, तर सोडल्यावर पुन्हा आत वळतात. तुम्हाला एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"दुसरी सही कोणाची होती?"

"सर विचारतायत?"

"त्यांचं तोंड गुडघ्यांत गेलंय, ताई. ते कुठले बोलतायत."

फोन बंद झाला.

नेच्याचं कोवळं पान असंच असतं, गुंडाळलेलं. पण ते उलगडतं.

चैताली आतल्या खोलीत धावली. आयुष कुशीवर झोपला होता. तिने झबलं वर केलं.

पाठ स्वच्छ होती.

तिने त्या पाठीवर ओठ टेकले. रडू आलं तिला. मग त्याच्याखालचं दुपटं तिने ओढून काढलं.

पांढरंशुभ्र. एकही ठिपका उरला नव्हता.

आयुषचे गुडघे पोटाशी होते. तिने हलक्या हाताने ते सरळ केले.

सावकाश, ते पुन्हा आत वळले.