पाठमोरा निवेदक

सन २०४७ मधल्या एका सकाळी मराठी कादंबरीचे शेवटचे रहस्य मानवजातीसमोर उलगडणार होते. यंत्राचा प्लग सैल निघाल्यामुळे मानवजातीला वीस मिनिटे थांबावे लागले.

सांगलीच्या प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राचे नाव शैलीवेधक. "माणूस चालीवरून ओळखू येतो ना मॅडम, तसंच," अभियंता इरफान मुजावर सांगत होता. "निवेदक पात्राच्या किती जवळ उभा राहतो, नजर कधी वळवतो, हे लिहिणाऱ्याच्या नकळत ठरतं. यंत्र तेवढंच मोजतं."

"मोज," डॉ. मृणालिनी उकिडवे म्हणाल्या. दिवंगत कादंबरीकार दिगंबर आरोंदेकर हा त्यांच्या तीस वर्षांच्या संशोधनाचा विषय. पात्र रडू लागले की आरोंदेकरांचा निवेदक मान फिरवून तांब्याकडे नाहीतर खुंटीकडे बघतो. या तंत्राला बाईंनी 'पाठमोरे निवेदन' असे नाव दिले होते आणि ते एकट्या आरोंदेकरांचेच, असे ग्रंथात ठासून लिहिले होते. यंत्राने नाही म्हटले तर तीस वर्षे पाण्यात.

यंत्राने आरोंदेकरांसह पाच कादंबरीकारांच्या पुस्तकांतले रडण्याचे प्रसंग तपासले आणि कळवले : लेखक एकच.

"बिघडलंय ते."

"नाही मॅडम. पाचही जणांचा प्रकाशक एक आहे. आणि आतल्या पानावर बारीक अक्षरात, मुद्रितशोधन : शि. म. हिंगमिरे."

दुपारी शिवलिंगअप्पा हिंगमिरे रिक्षाने आले. वय चौऱ्याऐंशी, खिशाला पेन्सिल.

"अप्पा, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघायचात ना?"

"तेच बघत होतो की. पण कुणी रडायला लागलं की मला बघवायचं नाही ओ. तेवढी वाक्यं उडवायचो. मग जागा रिकामी दिसायची. तिथं आपला एखादा तांब्या ठेवायचा."

"आणि लेखक काही बोलायचे नाहीत?"

"आरोंदेकर एकदा आले होते. म्हणाले, अप्पा, तांब्याचं काय सुरेख सुचलंय मला!"

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे तीस वर्षं मी तुमच्यावर संशोधन केलं."

"मग कळवायचं तरी. चहाला आलो असतो."

इरफानने घसा खाकरला. "मॅडम, तुमचा ग्रंथही त्याच प्रकाशकाचा आहे." बाई नको म्हणेपर्यंत त्याने तो यंत्रात घातलासुद्धा. समीक्षेत कुणी रडत नाही, त्यामुळे ग्रंथ बाईंचाच निघाला. अपवाद प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीचा : 'आई गेली तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत होत्या.' विद्यार्थ्यांना ही ओळ पाठ असे.

"मी पानभर लिहिलं होतं," बाई आठवत म्हणाल्या. "मला वाटायचं, मीच काढून टाकलं."

"मी काढलं. पण विसरलो नाही. म्हणू?"

अप्पांनी डोळे मिटून पहिली दोन वाक्ये म्हटली. मग डोळे उघडले आणि त्यांचे लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेले.

समोरच्या भिंतीवर एसीचा आकडा अठरा दाखवत होता. अप्पा तो बराच वेळ बघत राहिले.

"हे जरा बंद करता का?" ते इरफानला म्हणाले. "पाय गारठलेत माझे."